पदवीनंतरचें आसन

“मुलगा पीएच्. डी. झाला, आतां प्राध्यापक केव्हां होणार?” हा प्रश्न नागपुरांतील सुशिक्षित घरांतून आजकाल वारंवार ऐकूं येतो. प्रश्न अस्वाभाविक नाहीं. शाळा सुटल्यावर महाविद्यालयाचीं पांच वर्षें आणि पुढें संशोधनाचीं जवळजवळ तितकींच वर्षें लोटतात. मुलाचें वय अठ्ठाविशीच्या घरांत जातें. बरोबरीचे मित्र कमावते होऊन संसाराला लागलेले असतात. अशा वेळीं आईबापांचा धीर सुटला, तर त्यांस दोष कोण देईल? परंतु ही जी घाई आपणांस होते, ती आसनाची आहे कीं कार्याची, एवढें मात्र एकदां तपासून पाहिलें पाहिजे.

पीएच्. डी. म्हणजे तरी काय? एका आचार्याच्या देखरेखीखालीं एका प्रश्नाचा छडा लावून दाखविला, ह्याचें तें प्रमाणपत्र होय. पुढचा प्रश्न स्वतः शोधतां येतो कीं नाहीं, हें त्यावरून सिद्ध होत नाहीं. संशोधन करणाऱ्या प्राध्यापकाचें काम तर तेथूनच सुरू होतें. त्यानें आपला प्रश्न आपण निवडावयाचा, त्यासाठीं द्रव्य व साधनें मिळवावयाचीं, शिष्य तयार करावयाचे, आणि हें सर्व वर्गांतील तास सांभाळून! ज्याला पोहतां येतें आणि जो दुसऱ्यास पोहावयास शिकवितो, त्या दोघांत जो फरक, तोच येथेंही आहे.

ह्या बाबतींत आपल्याच दोन विदुषींचीं चरित्रें मनन करण्याजोगीं आहेत. कमलाबाई भागवत, म्हणजे पुढील काळांतील डॉ. कमला सोहोनी, 1933 सालीं मुंबई विद्यापीठाच्या बी. एससी. परीक्षेंत उत्तम रीतीनें उत्तीर्ण झाल्या. बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेंत त्यांस प्रथम नकार मिळाला, आणि तोही केवळ स्त्री म्हणून. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांच्यापुढें त्यांनीं आपला आग्रह सोडला नाहीं, तेव्हां कांहीं अटींवर प्रवेश मिळाला. पुढें त्या केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ नांवाचें द्रव्य असतें, हें त्यांनीं बटाट्यावर काम करतांना दाखविलें, आणि 1939 सालीं त्या पीएच्. डी. झाल्या. त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता!

स्वदेशीं परततांच दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयांत जीवरसायनशास्त्राचें प्रमुखपद त्यांस मिळालें. तिशीच्या आंत एवढें मोठें आसन! आपल्यापैकीं बहुतेकांनीं येथेंच पेढे वांटून गोष्ट संपविली असती. परंतु कमलाबाई पुढें कुन्नूरच्या आहारसंशोधन प्रयोगशाळेंत गेल्या, आणि त्याही साहाय्यक संचालक म्हणून. नांवापुढचा ‘प्रमुख’ जाऊन ‘साहाय्यक’ आला; मात्र तेथें जीवनसत्त्वांवर संशोधन करतां आलें. नंतर मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत त्यांनीं व त्यांच्या शिष्यांनीं कडधान्यें आणि नीरा ह्यांच्या पोषकतेवर जें काम केलें, तें गरिबांच्या ताटापर्यंत पोंचणारें होतें. आज त्यांचें नांव घेतलें जातें तें ह्या कामामुळें. कोणत्या वर्षीं कोणती खुर्ची मिळाली, ह्यामुळें नव्हे.

दुसरें उदाहरण डॉ. इरावतीबाई कर्वे ह्यांचें. 1930 सालीं बर्लिनची डॉक्टर ही पदवी घेऊन त्या परतल्या. पण संशोधनाचें आसन त्यांची वाट पाहत नव्हतें. कांहीं वर्षें त्यांनीं मुंबईस महिला विद्यापीठाच्या कारभाराचें काम पाहिलें. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत त्या आल्या 1939 सालीं. ही मधलीं वर्षें कोणी वायां गेलीं म्हणेल. परंतु त्यानंतर समाजशास्त्र व मानववंशशास्त्र ह्यांत त्यांनीं जें कार्य उभें केलें, त्यास ह्या विलंबानें उणेपणा आला नाहीं.

येथें कोणी म्हणेल, “हीं थोरांचीं उदाहरणें झालीं. आमच्या घरीं थांबण्याइतकें बळ नाहीं.” हा आक्षेप खरा आहे, आणि त्यास गोड बोलून टाळूं नये. ज्याच्या मिळकतीवर घर चालावयाचें, त्यानें मिळेल ती अध्यापनाची जागा अवश्य घ्यावी. मात्र एक प्रश्न मनांत जिवंत ठेवावा. वासुदेव विष्णु मिराशी हे आपल्याच नागपूरच्या मॉरिस कॉलेजांत संस्कृत शिकवीत. वर्गांतील काम करीत असतांनाच त्यांनीं ताम्रपट व शिलालेख वाचले. त्यांतूनच पुढें कलचुरींच्या लेखांचा ग्रंथ 1955 सालीं व वाकाटकांच्या लेखांचा 1963 सालीं प्रसिद्ध झाला. रामटेकच्या परिसरांत राज्य करून गेलेल्या राजांचा इतिहास आपणांस कळला, तो अशा चिकाटीमुळें.

आज नियमही दोन प्रकारचे दिसतात. विद्यापीठ अनुदान आयोगानें 1 जुलै 2023 पासून साहाय्यक प्राध्यापकाच्या जागेस नेट किंवा सेट ही परीक्षा किमान पात्रता ठरवून पीएच्. डी. ऐच्छिक केली. उलट आय्. आय्. टी. सारख्या संस्था कायमच्या जागेसाठीं पदवीनंतर सामान्यतः तीन वर्षांचा अनुभव मागतात. म्हणजे, केवळ शिकवावयाचें असेल तर पदवी अनिवार्य नाहीं, आणि संशोधन करावयाचें असेल तर पदवी पुरेशी नाहीं!

तेव्हां पालकांस आमची विनंती अशी कीं, मुलानें वा मुलीनें दुसऱ्या आचार्यापाशीं आणखी दोन-तीन वर्षें काम करण्याची अनुज्ञा मागितली, तर ‘अजून शिक्षणच का?’ असें विचारूं नका. मुलींच्या बाबतींत तर ही घाई दुप्पट होते. म्हणून तेथें धीरही दुप्पट हवा. नोकरी चालून आली, तर वेतनाबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा: प्रयोगशाळा किंवा ग्रंथालय कसें आहे? संशोधनास वेळ किती मिळेल? सोबतीस जाणकार कोण आहे? हीं उत्तरें समाधानकारक असतील, तर पदवीच्या दुसऱ्याच दिवशीं रुजू होण्यास कांहींच हरकत नाहीं.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापुढें हा प्रसंग येण्यास अजून बरींच वर्षें आहेत. तोंवर एकच संवय लावून घ्या. वर्गांत उत्तर मिळालें कीं वही मिटूं नका. त्या उत्तरांतून निघणारा पुढचा प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. तें पान ज्याचें कोरें राहत नाहीं, त्याला आसन आज मिळो वा दहा वर्षांनीं, काम कमी पडणार नाहीं.