उशिरा आलेला वसंत

फुले खुडता येतील, पण वसंताचे आगमन रोखता येणार नाही, अशा आशयाचे एक वचन शाळेच्या फळ्यापासून सभेच्या व्यासपीठापर्यंत सर्वत्र आढळते. खाली नाव बहुधा पाब्लो नेरूदांचे असते; कवितेचे मात्र नसते. कोणी ते चे गव्हेराचे म्हणून देतात, कोणी चेकोस्लोव्हाकियाच्या अलेक्झांडर दुब्चेक यांचे.

हा घोळ समजण्याजोगा आहे. ११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीत लष्कराने सत्ता बळकावली आणि बाराच दिवसांनी नेरूदा निवर्तले. दक्षिण गोलार्धात तेव्हा वसंताचा आरंभ असतो. चेकोस्लोव्हाकियातील १९६८ च्या सुधारणापर्वाचे तर नावच ‘प्रागचा वसंत’. २१ ऑगस्टला रणगाडे राजधानीत शिरले आणि तो चिरडला गेला. वचनाला अर्थास साजेसा कर्ता हवा असतो. लोकच तो मिळवून देतात.

परंतु अर्थाचे काय? वसंत आपोआप येतो, असा दिलासा या वचनातून घेतला जातो आणि तो फसवा आहे. दुब्चेक १९६९ मध्ये पदावरून दूर झाले, १९७० मध्ये पक्षातूनही काढले गेले आणि पुढे स्लोव्हाकियात वनखात्यात नोकरी करीत राहिले. त्यांच्या देशात वसंत परतला तो १९८९ च्या नोव्हेंबरात, ऐन थंडीच्या तोंडावर आणि एकवीस वर्षांनी. मधल्या काळात ‘सनद ७७’ वर सह्या करणाऱ्या अनेकांनी नोकऱ्या गमावल्या, काहींनी तुरुंगवास भोगला. ऋतू पंचांगाप्रमाणे येतो. स्वातंत्र्याला पंचांग नसते.

मग कर्त्याचे नाव चुकले तर बिघडले कुठे, असे कोणी विचारील. बिघडते ते असे, की थोर नाव जोडले म्हणजे विचार तपासण्याची गरजच वाटेनाशी होते. श्रीधरदासाने १२०५ साली ‘सदुक्तिकर्णामृत’ संकलित केले, तेव्हा ज्या श्लोकांचे कर्ते ठाऊक नव्हते त्यांच्यापुढे ‘कस्यचित्’, म्हणजे ‘कोणाचा तरी’, एवढेच नोंदले. आठशे वर्षांपूर्वीचा हा प्रामाणिकपणा आपल्या वर्गांतील फळ्यांनाही शोभेल.

तेव्हा शिक्षकांनी ते वचन अवश्य लिहावे. नावाच्या जागी ‘कस्यचित्’ लिहावे आणि विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा : फुले खुडली गेल्यानंतरच्या त्या एकवीस वर्षांत कोणी काय केले?