दहावी आली म्हणून डबा माळ्यावर?



आज स्वतःचीच एक चूक सांगणार आहे, आणि तिच्यावरून झालेलं माझं मतही. पटलं तर घ्या, नाही पटलं तर पुढच्या वेळी मंदिरात भेटाल तेव्हा भांडा.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये धाकटीची नववीची परीक्षा संपली आणि त्याच आठवड्यात मी तिच्या विटांचा डबा बंद केला. विटा म्हणजे प्लास्टिकच्या, एकमेकींत घट्ट बसणाऱ्या. पुण्याच्या मामाने दिलेल्या दोन-तीन संचांपासून सुरुवात झाली आणि चार वर्षांत पंधरा किलोचा धान्याचा डबा भरला. शोकेसवर तिचा एक अर्धवट ट्रेलर उभा होता. तो मी तिच्यासमोर, माझ्या हाताने मोडला, डब्यात टाकला, झाकणाला चिकटपट्टी लावली आणि म्हटलं, "आता दहावी. निकाल लागला की काढू."

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, चाकं वेगळ्या पिशवीत ठेव. नाहीतर हरवतात."

आमचं आडत दुकान आहे. सोयाबीनच्या हंगामात दारात सहा टायरी, दहा टायरी, बारा टायरी गाड्या उभ्या असतात. मुलीचं बालपण त्यांच्यातच गेलं. कोणत्या गाडीचा फाळका कसा उघडतो, ताडपत्रीची दोरी कुठून कुठे जाते, रिकाम्या गाडीचा एक आस वर का उचललेला असतो, हे तिला मराठी बाराखडीबरोबरच समजलं असावं. त्यामुळे विटा हाती आल्यावर तिने घर, बंगला, बाहुलीचं स्वयंपाकघर असलं काही केलं नाही. ट्रक केला.

बाजारातल्या संचांमधले ट्रक परदेशी. मॅक अँथम नावाच्या अमेरिकन ट्रकचा एक संच २०१८ मध्ये आला होता, २,५९५ तुकड्यांचा. त्याचं चित्र पाहून ती म्हणाली, "ह्याला नाक आहे. आपल्या गाड्या सपाट तोंडाच्या." मग आपल्या गाडीचा नकाशा कुठून आणायचा? दुकानासमोरून. टेप घेऊन ती हमालांच्या मागे लागायची आणि चाकापासून चाकापर्यंतचं अंतर वहीत लिहायची.

इथे थोडा हिशोब सांगते, कारण माझं मत त्याच्यावरच उभं आहे. विटेवर जे गोल उंचवटे असतात त्यांना आमच्या घरी गुंड्या म्हणतात. दोन गुंड्यांमधलं अंतर बरोबर ८ मिमी. विटेची उंची ९.६ मिमी आणि पातळ पट्टीची तिच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२ मिमी. तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की एक वीट. आपल्याकडे ट्रकला जास्तीत जास्त २.६ मीटर रुंदीची परवानगी आहे. मॉडेल आठ गुंड्या रुंद धरलं तर ते ६४ मिमी होतं. म्हणजे खरी गाडी मॉडेलच्या साधारण चाळीस पट. एकदा हे ठरलं की बाकी सगळं त्याच प्रमाणात यायला हवं. चाक मोठं झालं की गाडी खेळण्यातली दिसते, लहान झालं की बिचारी दिसते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही कुंथलगिरीला निघालो होतो. येरमाळ्याजवळ वाहतूक थांबली. समोर पवनचक्कीचं पातं घेऊन जाणारा लांबलचक ट्रेलर वळत होता. तुम्ही सगळ्यांनी पाहिले असतील, वाशी, भूम, कळंब भागात पवनचक्क्या उभ्या राहू लागल्यापासून हे ट्रेलर आपल्या रस्त्यांवर नवीन नाहीत. आम्ही गाडीत बसून उशीर होतोय म्हणून कुरकुरत होतो. ही खाली उतरून बघत होती. परत येऊन म्हणाली, "मागची चाकंसुद्धा वळतात! एक माणूस मागे चालत हातातल्या रिमोटने वळवतो." आणि तिथेच ठरलं की पुढचं मॉडेल हेच.

साठ मीटरचं पातं चाळीसाने भागलं की दीड मीटर. आमच्या जेवणाच्या टेबलापेक्षा लांब! आठ मिमीच्या गुंड्यांनी मोजलं तर १८७ गुंड्या भरतात. पहिल्यांदा जोडलं ते मधोमध वाकलं आणि तुटलं. दुसऱ्यांदाही तुटलं. मग तिने घराच्या बांधकामावर गवंडी विटांचे सांधे एकावर एक येऊ देत नाही ते पाहिलं आणि पट्ट्या तशाच सांधे चुकवून लावल्या. पोटातून भोकांच्या लांब दांड्या घातल्या. आठ महिने चाललं होतं हे, रोज संध्याकाळी एक तास. तेच मी पाच मिनिटांत मोडलं.

आता तुम्ही म्हणाल, आई म्हणून बरोबरच केलंस. मलाही तसंच वाटलं होतं. आपल्याकडे दहावी म्हणजे पुढे लातूर, आणि लातूर म्हणजे पहाटेपासून रात्रीपर्यंत क्लास. पण झालं काय? तो एक तास अभ्यासाकडे गेला नाही, मोबाइलकडे गेला. पाठ टेकून, पाय वर करून, बोटाने वर सरकवत बसायची. विटा खेळताना हाक मारली तर "आले" म्हणून यायची. आता हाक मारली तर ऐकूच यायचं नाही.

जुलैमध्ये एक दिवस भूमितीचं पुस्तक घेऊन बसली होती. दहावीच्या भूमितीचा पहिलाच धडा समरूपतेचा. मी भाजी निवडत होते. ती वर न बघताच म्हणाली, "आई, लांबी चाळीस पट असली की पृष्ठभाग सोळाशे पट आणि आकारमान चौसष्ट हजार पट. म्हणजे चाळीस टनांची गाडी त्याच मालात चाळीस पट लहान केली तर सव्वासहाशे ग्रॅम." मी मनातल्या मनात भागाकार करून पाहिला. बरोबर होता. मग ती म्हणाली, "माझा ट्रेलर तुझ्या मसाल्याच्या काट्यावर मोजायचा होता. राहिलंच ते." तेव्हा माझ्या घशाशी काहीतरी आलं.

सख्यांनो, विटांमुळे गुण वाढतात असं मला मुळीच सांगायचं नाही. असं सांगून विकणारे पुष्कळ आहेत. माझं म्हणणं एवढंच की मूल ज्यात स्वतः मोजतं, चुकतं, मोडतं आणि पुन्हा करतं, तो वेळ वाया गेलेला नसतो. आपण सगळ्यात आधी तोच कापतो, कारण तो आपल्याला दिसतो. मोबाइलवर गेलेला तास दिसत नाही.

यावर घरात आणि बाहेर जे जे ऐकलं, त्याबद्दलही बोलते.

"मुलीने कसले ट्रक करायचे?" हे एका लग्नात ऐकलं. मोठ्यांशी वाद नको म्हणून तिथे गप्प बसले, इथे बोलते. आडत दुकानाचा हिशोब बाईने सांभाळलेला चालतो, मग त्या दुकानासमोर उभी असलेली गाडी मुलीला कळलेली का चालू नये? आणि गाड्यांची प्रतिकृती करणं ही काही परदेशी हौस नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ मध्ये ब्राँझच्या वस्तू सापडल्या. त्यात बैलजोडी जुंपलेला, वर माणूस उभा असलेला एक छोटा रथ आहे, हजारो वर्षांपूर्वीचा. कोणीतरी खरी गाडी निरखूनच तो केला असणार. पोळ्याला मातीचे बैल करणारी मुलंही तेच करतात.

"फार महाग पडतं." हे मात्र खरं आहे. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. बाहेरून आलेले मोठे संच आपल्यासारख्यांना झेपणारे नाहीत, आणि झेपवायची गरजही नाही. एकाच रंगाच्या आठ गुंड्यांच्या फक्त सहा विटा घेतल्या तरी त्या ९१,५१,०३,७६५ तऱ्हांनी जोडता येतात. डेन्मार्कच्या बिलुंड गावातल्या एका सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला घेतली, त्याच घरातून पुढे ही वीट आली. आजच्या रूपातल्या विटेच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ चा. तेव्हाची वीट आजच्या विटेत बसते. म्हणजे मोठ्या बहिणीच्या विटा धाकट्या भावाला, मावशीच्या भाचीला चालतात. नवं घेण्याआधी नात्यात विचारा. कपडे आपण फिरवतोच की, विटाही फिरवा.

नवं घेताना मात्र आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते सक्तीचं आहे. मी एकदा स्वस्त म्हणून चिन्हाशिवाय घेतलं, विटा बसतच नव्हत्या आणि वासही येत होता. घरात रांगतं बाळ असेल तर हा डबा जमिनीवर उघडायचाच नाही. छोटे तुकडे थेट तोंडात जातात.

"एवढा साठा म्हणजे परिग्रहच की गं," असं सासूबाई म्हणाल्या. त्यांचं बोलणं मी हसण्यावारी नेलं नाही. पण आसक्ती हाच परिग्रह, असं तत्त्वार्थसूत्र सांगतं, आणि त्या दृष्टीने पाहिलं तर माझ्या साड्यांचं कपाट आधी उघडावं लागेल. मुलीने स्वतःच मर्यादा घालून घेतली आहे. एकच डबा, त्याबाहेर एक वीट नाही. नवं मॉडेल करायचं तर जुनं मोडायचं. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरची डबल ट्रॉली तिने किती सुंदर केली होती! वळणावर मागची ट्रॉली पुढच्या चाकोरीतून न जाता आत कशी सरकते, ते तिने मला जमिनीवर ओढून दाखवलं, तेव्हापासून मी आमच्या ह्यांना वळणावर ट्रॉलीच्या बाजूने गाडी घालू देत नाही. मागे पारदर्शक लाल तुकडेही लावले होते, कारण खऱ्या ट्रॉलीला रात्री दिवा नसतो आणि लोक मागून धडकतात, हे तिला माहीत होतं. तीच ट्रॉली पातं करायला विटा हव्यात म्हणून तिने एका संध्याकाळी हसत मोडली.

माझी चूक मला तिथे कळली. ती मोडत होती ते पुढचं करण्यासाठी. मी मोडलं ते थांबवण्यासाठी. डब्यातल्या विटा दोन्ही वेळा सारख्याच होत्या, मुलीच्या मनात काय मोडलं ते वेगळं होतं.

दिवाळीच्या साफसफाईत डबा खाली काढला. माळ्यावरची धूळ झटकून, टोपलीत घालून विटा कोमट पाण्यात धुतल्या. पाणी चाळीस अंशांच्या वर तापवायचं नाही आणि सुकवताना उन्हात ठेवायचं नाही, पांढऱ्या विटा पिवळ्या पडतात. चाकांची पिशवी मी वेगळी ठेवली होती, ती तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "राहू दे गं." पण पिशवी लगेच उघडून चाकं मोजली. सगळी होती.

मग आम्ही वेळ ठरवला. संध्याकाळी पाऊण तास विटा, त्या वेळात मोबाइल माझ्या फडताळात. परीक्षेच्या आधीचा महिना डबा तिने स्वतःच बंद ठेवला, मी सांगावं लागलं नाही. निकाल लागला. गुण किती पडले ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तुम्ही विटांचा हिशोब गुणांशी घालाल.

म्हणून माझं सांगणं आहे, दहावी आली म्हणून मुलाच्या हातातलं काम काढून घेऊ नका. विटा असोत, चित्रं असोत, तबला असो. वेळ ठरवा, मर्यादा घाला, पैशाला नाही म्हणा. पण मोडायचं की ठेवायचं, आणि कधी, हे ज्याने केलं त्याला ठरवू द्या.

जूनमध्ये ती लातूरला गेली. पात्याचा ट्रेलर पुन्हा केलाच नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आता तो कसा करायचा ते कळलंय, म्हणून नाही केला." डबा घरी आहे, माळ्यावर नाही, तिच्या पलंगाखाली. वसतिगृहात नेलेल्या पेटीत फक्त एक लहान पिशवी होती. त्यात सहा विटा आणि चार चाकं.

जय जिनेंद्र.