स्मृती आणि सत्य

११ जुलै २००६ रोजी मंगळवार होता. कचेऱ्या सुटून मुंबईतील चाकरमानी घराकडे निघाले असता, पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत संध्याकाळी ६ वाजून २४ मिनिटांपासून अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. बॉम्ब पहिल्या वर्गाच्या डब्यांत ठेवलेले होते. माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड या नित्याच्या स्थानकांच्या परिसरात १८०हून अधिक माणसे ठार झाली आणि ८००हून अधिक जखमी झाली. त्या जखमींपैकी एक तरुण नऊ वर्षे रुग्णालयात खिळून राहिला आणि २०१५ साली निवर्तला. काही घरांत ती संध्याकाळ अशी वर्षानुवर्षे संपलीच नाही.

या हल्ल्याने मुंबईकराच्या मर्मावरच घाव घातला. लोकलचा डबा हा या शहरात निव्वळ प्रवासाचे साधन नव्हे. ठरलेली गाडी, ठरलेला डबा आणि ठरलेले सोबती यांतून तेथे एक शेजार निर्माण होतो. भजने होतात, पत्ते रंगतात, मुलांच्या परीक्षांची व लग्नांची चर्चा होते. तो शेजारच त्या दिवशी छिन्नविच्छिन्न झाला. त्याच संध्याकाळी रुळांलगतच्या झोपड्यांतील माणसे अंगावरच्या चादरी घेऊन धावली आणि त्यांत घालून त्यांनी जखमींना बाहेर काढले. कोण कोणत्या जातीचा वा धर्माचा, हे कोणी विचारले नाही. ही आठवण या शहराने अभिमानाने जपावी अशीच आहे.

परंतु या अभिमानाचा राज्यकर्त्यांनी केलेला उपयोग तितकाच खेदजनक आहे. दुसऱ्या दिवशी गाड्या पुन्हा भरल्या आणि मुंबईच्या जिद्दीचे गोडवे गाइले गेले. ज्याची चूल रोजच्या कामावर पेटते त्याला घरी बसण्याची चैन परवडत नाही, हे साधे सत्य त्या स्तुतीत बुडून गेले. जिद्दीची स्तुती केली की संरक्षणात झालेल्या कसुरीचा जाब द्यावा लागत नाही. पुढे दर ११ जुलैला माहीम स्थानकावरील स्मृतिफलकापाशी फुले वाहण्याचा शिरस्ता सुरू झाला. त्या फुलांमागील आप्तांचे दुःख खरे आहे. परंतु समाजाची आणि शासनाची जबाबदारी फुलांनी फिटत नाही. मृतांचे ऋण एकाच मार्गाने फिटू शकते: त्यांना कोणी मारले हे निःसंशयपणे सिद्ध करणे.

नेमके तेच झालेले नाही. विशेष न्यायालयाने २०१५ साली बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशीची व सात जणांना जन्मठेपेची शिक्षा दिली. तेराव्या आरोपीची नऊ वर्षांच्या कारावासानंतर निर्दोष सुटका झाली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरविले. त्यांतील एक जण २०२१ सालीच तुरुंगात मरण पावला होता. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, ओळखपरेड सदोष आहे आणि कोणत्या प्रकारचे बॉम्ब वापरले हेदेखील तपासयंत्रणेला सिद्ध करता आले नाही, असे न्यायालयाने म्हटले. राज्य शासन तातडीने सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलै रोजी त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात धाडले नाही.

या निकालाने मृतांच्या आप्तांचा संताप व्हावा हे स्वाभाविक आहे. एकोणीस वर्षांनी त्यांच्या पदरी शून्य पडले. तथापि हा संताप न्यायालयावर काढणे म्हणजे रोगाचे निदान करणाऱ्या वैद्यालाच दोष देण्यासारखे आहे. मृतांची खरी अवहेलना उच्च न्यायालयात झाली नाही. लोकक्षोभ शमविण्यासाठी गुन्हा उकलल्याचे घाईने जाहीर झाले तेव्हाच ती झाली. २००८ साली मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने पकडलेल्या दुसऱ्याच टोळीतील एकाने या स्फोटांची निराळी हकीकत सांगितली होती. त्याच वेळी तपासयंत्रणांना आपल्या निष्कर्षाची फेरतपासणी करणे शक्य होते. निरपराध मनुष्य गजाआड गेला तर एक अन्याय होतोच. शिवाय खरा मारेकरी मोकळा राहतो, हा दुसरा आणि अधिक धोकादायक अन्याय होय.

सचोटीने काम केल्यास आपली न्यायव्यवस्था समर्थ ठरते, याचा दाखला याच शहरात आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. जिवंत पकडलेल्या अजमल कसाबला वकील दिला गेला, उघड खटला चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत पुरावा टिकला आणि चार वर्षांत शिक्षेची अंमलबजावणी झाली. तेथे आरोपी हाती सापडला होता, हे खरे. परंतु पुरावा दुर्मिळ असेल तेथे तपास अधिक काटेकोर हवा. तो अधिक सैल असून कसे चालेल?

म्हणून शासनाने केवळ अपिलावर विसंबून राहू नये. तपास कोठे व कोणामुळे भरकटला याची स्वतंत्र चौकशी करून तिचा अहवाल जनतेपुढे ठेवावा आणि खऱ्या गुन्हेगारांचा शोध अद्याप संपलेला नाही हे मोकळेपणाने मान्य करावे. संध्याकाळच्या त्याच गाड्या आजही त्याच स्थानकांवरून भरून जातात. त्यांतून गेलेली आणि परत न आलेली माणसे कोणी मारली, एवढेच त्यांचे आप्त विचारीत आहेत. हे उत्तर त्यांना देणे शासनावर बंधनकारक आहे.