नुसती मान डोलावू नका



गेल्या खरिपातली गोष्ट. माझ्या ओळखीच्या एका तरुण शेतकऱ्याने मक्याच्या पानांचा फोटो मॅस्टोडॉनवर टाकला. पानांवर पांढुरके, कागदासारखे चट्टे आणि खाली एकच ओळ : "हे काय आहे?" मी तो एसटीत बसल्या बसल्या पाहिला. पोराचे पिकाकडे लक्ष आहे याचे कौतुक वाटले, म्हणून फोटोखालची चांदणी दाबली आणि मोबाइल खिशात ठेवला. उत्तर घरी गेल्यावर लिहू म्हटले, ते राहूनच गेले.

नवव्या दिवशी त्याचा फोन आला. लष्करी अळी पोंग्यात शिरली होती, भुशासारखी विष्ठा बाहेर दिसत होती. २०१८ साली आपल्या देशात प्रथम कर्नाटकात आढळलेली ही अळी आता सर्वांच्या ओळखीची झाली आहे. ती लहान असताना, पानाचा पापुद्रा खरवडते तेव्हाच, फवारणीचा खरा उपयोग होतो. मोठी होऊन पोंग्यात बसली की औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. तो मला म्हणाला, "साहेब, तुम्ही चांदणी दिलीत, मला वाटले सगळे ठीक आहे." यावर मी काय बोलणार? दोष माझाच होता. त्यातून शिकलो ते आज तुम्हाला सांगतो.

मॅस्टोडॉन हे २०१६ साली जर्मनीत युजेन रोश्को नावाच्या तरुणाने सुरू केले. फेसबुकसारखा त्याचा एक मालक नाही. वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले अनेक सर्व्हर आहेत. प्रत्येक सर्व्हर म्हणजे एकेक गाव समजा. गावाचे नियम वेगळे, राखणदार वेगळा, पण या गावचे पत्र त्या गावाला जाते. टपालाची जशी ठरलेली पद्धत असते, तशी इथे ॲक्टिव्हिटीपब नावाची पद्धत आहे आणि २०१८ साली तिला जागतिक वेब संस्थेची मान्यता मिळाली. आपल्याकडचे बरेच लोक नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरवर रुसून तिकडे गेले होते. पण "तिथे शुकशुकाट असतो" ही तक्रार अजून ऐकू येते.

हा शुकशुकाट का वाटतो? कंपनीच्या माध्यमांत तुम्ही कशावर थांबता हे यंत्र पाहते आणि तसलाच माल पुढे ओतत राहते. मॅस्टोडॉनच्या मुख्य पानावर तसे निवडणारे यंत्र नाही. ज्यांना तुम्ही फॉलो करता त्यांचेच लिखाण दिसते, तेही वेळेच्या क्रमाने. कुणी डोळ्यांत धूळ टाकत नाही, हे चांगले. पण पाटाचे पाणी दारे मोडल्याशिवाय पुढच्या वाफ्यात जात नाही, तसेच इथेही आहे. चांदणी दाबली म्हणजे लिहिणाऱ्याला "आवडले" एवढे कळते. गाजणाऱ्या लिखाणाची एक वेगळी यादी असते, पण एका शेतकऱ्याच्या प्रश्नाला तिथे जागा कुठली? ते लिखाण तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या पानावर जाते ते बूस्ट केल्यावर. बूस्ट म्हणजे दारे मोडणे. माझ्या ओळखीचे एक कीटकशास्त्रज्ञ दुसऱ्या सर्व्हरवर मला फॉलो करतात. मी बूस्ट केले असते तर त्या मुलाचा फोटो त्यांच्यापुढे गेला असता.

ही गोष्ट नवी नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापली होती. कार्यक्रम ऐकायचा आणि मग एकत्र बसून चर्चा करायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने पाहणी केली. जिथे मंडळ होते तिथल्या लोकांचे ज्ञान, नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा, बरेच अधिक वाढलेले दिसले. रेडिओ तोच आणि कार्यक्रमही तेच, फरक होता तो बोलण्याचा. यंत्र बदलले तरी हे बदललेले नाही.

तेव्हा तिथे गेलात तर एवढे करा :

१. पोत्याला चिठ्ठी लावा. हॅशटॅग म्हणजे पोत्यावरची चिठ्ठी. #मका, #लष्करीअळी असे लिहा, शब्दांमध्ये जागा सोडू नका. शोध घेताना सर्वांचे लिखाण सापडेलच असे नाही, पण चिठ्ठी सापडते. २०२२ पासून माणसासारखा हॅशटॅगही फॉलो करता येतो. तुमच्या पिकाचा टॅग धरून ठेवा, म्हणजे अनोळखी गावचे शेतकरीही भेटतील.

२. प्रश्न पुरता विचारा. पीक, वाण, पेरणीची तारीख, तालुका, पाऊस, आधी काय फवारले, हे सर्व पाचशे अक्षरांत बसते. फोटो पानाच्या दोन्ही बाजूंचा द्या. फोटोत काय आहे ते शब्दांतही लिहिण्याची तिथे सोय आहे, ती अंध वाचकांच्या उपयोगी पडते.

३. दोन शब्द लिहा, मग बूस्ट करा. उत्तर ठाऊक नसले तरी "आमच्याकडेही असेच आहे" एवढे लिहिले तरी विचारणाऱ्याला धीर येतो.

४. निकाल कळवा. सल्ला घेतला, पीक सुधारले की बिघडले, हे पुन्हा येऊन सांगा. पुढच्या माणसाचे पैसे वाचतील.

५. पडताळून पाहा. मालक नाही म्हणजे खोटे नाही असे समजू नका. औषधाचे प्रमाण डब्यावरच्या लेबलवरून आणि कृषी विज्ञान केंद्राला विचारूनच ठरवा. आधार, बँक यांची माहिती कुठेही टाकू नका.

भगिनींनो, हे तुमच्यासाठीही आहे. आजेसासूने कडधान्य राखेत कसे टिकवले, परसातला वाल कधी लावला, हे तुम्ही लिहिलेत तर ते कुणाच्या तरी कामी येईल. आज तिथे मराठी गर्दी नाही, हे खरे. पण मोजक्या माणसांचा पार असला, तरी विचारल्याला उत्तर देणारे हवेत.

यंदा त्या मुलाने मक्यात कामगंध सापळे लावले. पहिला पतंग सापडला तसा त्याने चिठ्ठी लावून फोटो टाकला. मी आधी उत्तर लिहिले, मग बूस्ट केले आणि सगळ्यात शेवटी चांदणी दाबली.