डिझेल खर्चीत गेलं

मागच्या हंगामात, जानेवारी महिन्यात, आमच्या ऊसतोड टोळीचा मुकादम हिशेबाला घरी आला. बीडकडची टोळी. मी लॅपटॉपवरून एकेक आकडा वाचत होते आणि एका जागी त्यानं मला थांबवलं. "ताई, ही चार हजार सहाशेची खर्ची आम्ही घेतलीच नाही." मी म्हटलं, शीटमध्ये तर आहे. तो गप्प बसला. त्याचं ते गप्प बसणं मला रात्रभर टोचत राहिलं. सकाळी पंपाच्या पावत्यांचा डबा उपडा केला, तर पावती निघाली. तारीख तीच, ट्रॅक्टर आमचाच, डिझेल ४,६०० रुपयांचं.

आमच्या वाहतुकीचा हिशेब मी गूगल शीटवर ठेवते. भावजी वजनकाट्यावर रांगेत असताना मोबाइलवरून भरतात, मी जयसिंगपुरात घरी बसून तपासते. तारीख, गाडी, गट नंबर, खेप, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ, डिझेल, खर्ची (म्हणजे टोळीला हातखर्चाला दिलेले पैसे) असे रकाने. सुरुवातीच्या वीसेक ओळींपर्यंत काही अडत नाही. हंगाम चढतो तशी शीट खाली वाढत जाते आणि शीर्षकांची ओळ वर सरकून दिसेनाशी होते. १८७व्या ओळीवर समोर नुसते आकडे. डिझेल आणि खर्ची शेजारी शेजारी, दोन्ही चार आकडी. हात एक घर सरकला आणि दिवसभर कोयता चालवणाऱ्या माणसांच्या नावे आमचं डिझेल पडलं.

माझे सासरे हाच हिशेब वहीत लिहायचे. पान उलटलं की आधी लाल शाईनं सगळे रकाने पुन्हा लिहायचे, खाली 'मागील पानावरून' म्हणून बेरीज ओढायची, मगच पहिली खेप मांडायची. तेव्हा मला वाटायचं, किती हा वेळ घालवायचा! आता कळतं. वहीला पान असतं, म्हणून शीर्षक पुन्हा लिहायची आठवण होते. शीटला पान उलटणंच नाही, ती नुसती खाली खाली जाते.

शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं आमचं जयसिंगपूर आखीव आहे. पत्ता सांगायचा तर गल्ली नंबर सांगतात. गल्लीच्या तोंडाची पाटी काढून टाकली तर नवा माणूस सारख्याच दिसणाऱ्या घरांत फिरत बसेल. शीटमध्ये आपण रोज तेच करतो.

उपाय इतका साधा आहे की त्याचं वाईट वाटतं. संगणकावर 'व्ह्यू' मध्ये जाऊन 'फ्रीझ' आणि मग '१ रो' निवडायचं. मोबाइलवर पहिल्या ओळीच्या आकड्यावर बोट दाबून धरलं की येणाऱ्या यादीत 'फ्रीझ' सापडतं. मग कितीही खाली जा, शीर्षक डोळ्यांसमोर राहतं. आणखी एक फायदा : पूर्ण शीटची तारखेप्रमाणे क्रमवारी लावली तरी ती ओळ नोंदींत मिसळत नाही. मात्र चार-पाच ओळी गोठवू नका. मोबाइलच्या पडद्यावर मग नोंदींना जागाच उरत नाही. संस्थेचं नाव, वर्ष, पत्ता असली सजावट वेगळ्या टॅबवर टाका. शीर्षक एका ओळीत, मराठीत आणि मापासह हवं. नुसतं 'वजन' नको, 'निव्वळ वजन टन' हवं.

माझं मत स्पष्ट आहे. दहा जणांनी भरायची शीट जो बनवतो, शीर्षक गोठवायची जबाबदारी त्याची. भरणाऱ्याला "नीट बघून भर" म्हणणं पुरेसं नाही. उन्हात, रांगेत, एका हातात पावती धरून तो काय नीट बघणार? २०१९ च्या महापुरात आसपासच्या गावांतून आलेल्या माणसांच्या याद्या आम्ही अशाच मोबाइलवर केल्या होत्या. एका रकान्यात वय, शेजारच्या रकान्यात घरातली माणसं. खाली गेल्यावर ६ हा आकडा सहा वर्षांच्या मुलाचा की सहा माणसांच्या घराचा, हे कळायला पुन्हा वर जावं लागायचं. संगणकाच्या वर्गांत सूत्रं शिकवतात, आलेख शिकवतात. पहिल्या तासाला शीर्षक गोठवणं ही एक गोष्ट शिकवावी. बचत गट, दूध संस्था, शाळा, सगळीकडे आता शीट फिरते आणि तिच्यातला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी नावे पडतो.

पावती सापडली त्याच दिवशी मी मुकादमाला फोन केला, चूक सांगितली आणि ४,६०० रुपये टोळीच्या खर्चीतून कमी केले. आज तुमचीही शीट उघडा. शंभराव्या ओळीवर जा आणि वर रकान्यांची नावं दिसतात का, तेवढं बघा.