स्टेटसपलीकडची आठवण

हल्ली कुणी गेलं की मशिदीतल्या घोषणेआधी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर येते. लांबचे नातेवाईक जनाज्याला वेळेत पोहोचतात, हा मोठाच फायदा. पण कधी परगावच्या लेकीला बाप गेल्याचं कुणाच्या तरी स्टेटसवरून कळतं. घरच्यांनी सांगेपर्यंत थोडं थांबायला काय हरकत आहे?

फेसबुकवर २००९पासून मृतांची खाती आठवण म्हणून जपता येतात. त्यात वावगं काही नाही. प्रश्न आहे, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहून झाल्यावर पुढे काय?

दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनी जेवण पाठवावं, ही पैगंबरांची शिकवण. आपल्याकडे ‘कडू घास’ देतात, तोही याच मायेने. माणूस गेल्यावरही तीन गोष्टींचं पुण्य त्याला मिळत राहतं, असं हदीस सांगते: सदका-ए-जारिया म्हणजे लोकांच्या कायम उपयोगी पडणारं दान, कामी येणारं ज्ञान आणि नेक अपत्याची दुआ. त्याच्या नावाने गरीब मुलाची फी भरता येते, पाणपोई घालता येते.

यंदा काही घरांत इफ्तारच्या दस्तरखानावर एक जागा पहिल्यांदाच रिकामी आहे. फोन खिशात ठेवून एखाद्या संध्याकाळी तिथे जाऊन बसावं.