पासवर्ड बरोबर, तरी गेमचं अकाउंट लॉक! नेमकं अडतं कुठे?

फोन बदलला, त्यासोबत 'स्टीम गार्ड' गेलं आणि रिकव्हरीचा एसएमएस जातोय जुन्या नंबरवर. 'स्टीम'वर अनेकांची रडकथा इथूनच सुरू होते. भारतात बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. म्हणजे कोड भलत्याच्याच हातात. मग सपोर्ट पुरावा मागतो: जुना ईमेल, खरेदीच्या पेमेंटचा तपशील. मित्राच्या कार्डवरून गेम घेतला असेल तर बसा शोधत! ही कटकट चोरालाही अडवते, हे मान्य. पण त्यात खरा मालकच बाहेर राहतो. मालक तरी कसला? मिळतो तो फक्त परवाना. ऑक्टोबर 2024पासून स्टीम पैसे भरतानाच तसं सांगतं. लॉग-इन चालू आहे तोवर 'आर'ने सुरू होणारा रिकव्हरी कोड कागदावर उतरवून घ्या. स्क्रीनशॉट फोनबरोबरच जातो.